राजाला दिलेला शह

मुंबई आणि ठाणे यांच्या सीमेवरचा मुलुंडचा चेकनाका, बँकेत वटविण्यासाठी दिलेला चेक, आगगाडीच्या डब्यात तिकिटे तपासत फिरणारा चेकर, कापडाच्या दुकानात ताग्यावरून मोजून घेतलेले चेक्सचे कापड, पावसाचे पाणी अडविण्यासाठी गावच्या ओढ्यावर घातलेला चेक डॅम, आणि बुद्धिबळाच्या पटावर प्रतिपक्षाच्या राजाला दिलेला शह, या सहा गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल अशी कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि आली तरी, पहिल्या पाच ठिकाणी केवळ उच्चारसाम्याने एकत्र आलेले निरनिराळे इंग्रजी शब्द असावेत, आणि सहावा तर उघडउघड फारसी आहे, असे म्हणून विचारी माणूसही पुढे जातो. वस्तुस्थिती अशी आहे की सहाही ठिकाणी शब्द मुळात एकच आहे.

इंग्रजी कोशात ‘चेक’ या शब्दाखाली दिलेल्या अर्थांची रांग पाहिली म्हणजे मन प्रथम गोंधळते. अडविणे, आवर घालणे, ताडून पाहणे, बरोबर असल्याची खूण करणे, ठेवलेल्या सामानाची पावती, अमेरिकेतील खाणावळीचे देयक, चौकड्यांची वीण, बँकेवरील आज्ञापत्र, आणि पटावरच्या राजावर आलेले संकट, इतके अर्थ एका अक्षरसमूहाने वाहावेत हे आश्चर्यच होय. परंतु या साऱ्या पसाऱ्यातून दोन धागे वेगळे काढता येतात. एक धागा बुद्धिबळाच्या खेळातील आरोळीचा आहे, दुसरा त्याच खेळाच्या पटाचा. आरोळीपासून अडविण्याचा आणि तपासण्याचा अर्थ निघाला, पटापासून चौकड्यांचा आणि सरकारी खजिन्याचा. हे दोन धागे पाच-सहाशे वर्षे शेजारी शेजारी चालत राहिले, आणि अखेरीस ज्या कागदावर ते पुन्हा एकत्र आले तो कागद म्हणजे आपला नेहमीचा चेक. या हकीकतीचा आरंभ आपल्याच देशात होतो.

चतुरंग हे बुद्धिबळाचे जुने नाव मूळचे सैन्याचे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे असलेल्या सेनेच्या नावावरून खेळाला ते मिळाले, आणि हा खेळ ज्या चौसष्ट घरांच्या फळीवर मांडीत तिचे अष्टापद हे नाव त्याहूनही जुने आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात श्रीहर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना या खेळावर श्लेष साधला आहे, त्यावरून तो त्या वेळी सुशिक्षित वाचकाच्या चांगला परिचयाचा होता हे निश्चित होते. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात, म्हणजे ज्या ग्रंथात मराठीचे काही अत्यंत प्राचीन पद्यांश सापडतात त्याच ग्रंथात, राजाच्या विनोदांमध्ये या खेळाचे विवेचन आले आहे. हा ग्रंथ साधारणतः ११२९ च्या सुमाराचा धरतात. तो काळ वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण नेमक्या त्याच सुमारास, सहस्रावधी कोस दूर असलेल्या एका थंड बेटावरील राजाचे कारकून याच खेळाच्या पटासारखे वस्त्र पसरून सरकारी वसुलाचा हिशेब करीत होते, आणि ना सोमेश्वराला त्यांची वार्ता होती, ना त्यांना सोमेश्वराची.

भारतातून हा खेळ इराणात गेला. हिंदुस्थानच्या राजाने तो इराणचा बादशहा खुस्रो नौशेरवान याच्याकडे कोडे म्हणून पाठविला आणि बुझुर्गमिहर नावाच्या चतुर मंत्र्याने ते सोडविले, ही कथा पहलवी भाषेतील एका छोट्या ग्रंथात आहे आणि फिर्दौसीने ती शाहनाम्यात विस्ताराने सांगितली आहे. कथा म्हणून तिचे मोल वेगळे. परंतु चतुरंगाचे ‘चत्रंग’ आणि पुढे अरबांच्या मुखी ‘शत्रंज’ झाले, यावरून खेळाचा मार्ग स्पष्ट दिसतो. इराण्यांनी राजाच्या सोंगटीला आपल्या भाषेतील ‘शाह’ हे नाव दिले, आणि त्या सोंगटीवर मारा होताच खेळणाऱ्याने प्रतिपक्षाला ‘शाह!’ असे उच्चारून सावध करावे, असा शिष्टाचार पडला. राजाला न सांगता मारू नये, त्याला स्वतःचा बचाव करण्याची संधी द्यावी, हा त्यातला भाव. ‘शाह’ हा शब्दही आपल्याला अगदी परका नाही. प्राचीन फारसीतील ज्या रूपापासून तो झिजत आला त्याचे मूळ आणि संस्कृतातील क्षत्र, क्षत्रिय या शब्दांचे मूळ एकच आहे, आणि शिलालेखांतून भेटणारे क्षत्रपही त्याच कुळातले. राजाला आता पळून जाण्यास जागाच उरली नाही म्हणजे ‘शाह मात’ म्हणावयाचे. अरबांनी त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा लावला, पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, असा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही. त्याला फक्त कोंडले जाते.

पुढे फारसी बोलणाऱ्या राज्यकर्त्यांबरोबर हा खेळ नवे कपडे घालून आपल्याकडे परत आला, आणि त्याची साक्ष मराठी पटावर आजही उभी आहे. राजा, हत्ती, घोडा आणि उंट हे आपले राहिले. वजीर आणि प्यादे, शह आणि मात हे दरबारी भाषेतून आले. शहाला काटशह देणे, एखाद्यावर मात करणे, हे वाक्प्रचार तर पट कधीही न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी सहज येतात, इतके ते मराठीच्या हाडीमाशी खिळले आहेत.

पश्चिमेकडे गेलेल्या शाखेचे काय झाले ते आता पाहावयाचे आहे. अरबांकडून खेळ स्पेन आणि इटलीत पोहोचला, आणि लॅटिन लिहिणाऱ्या युरोपी पंडितांनी ‘शाह’ या ध्वनीचे ‘स्काकुस’ असे रूपांतर केले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एशेक’ झाले. एका आरोळीला एशेक, आणि सोंगट्यांच्या समुदायाला त्याचेच अनेकवचन. नॉर्मन राजवटीबरोबर ही दोन्ही रूपे इंग्लंडात उतरली, आद्य स्वर गळाला, आणि एकवचनाचे ‘चेक’ व अनेकवचनाचे ‘चेस’ झाले. म्हणजे इंग्रज ज्याला चेस म्हणतो तो ‘पुष्कळ शह’ इतक्याच अर्थाचा शब्द आहे. खुद्द फ्रेंचमध्ये या शब्दाला अपयश, पराभव असा अर्थ चिकटला आणि तो आजही रूढ आहे. इंग्रजीत चौदाव्या शतकात तो पटावरून उतरून रस्त्यावर आला. धावत्याला एकाएकी थांबविणे, उधळलेल्याला आवरणे, वेगाला खीळ घालणे, असे अर्थ त्याला लाभले. शह मिळताच पटावरच्या खेळाडूला आपले सारे मनसुबे बाजूला ठेवून प्रथम राजाचा विचार करावा लागतो, हा अनुभव ज्यांना होता त्यांनी तो शब्द जीवनातील प्रत्येक अडवणुकीला लावावा, यात नवल काही नाही. आपल्या ओढ्यावरचा चेक डॅम आणि रस्त्यावरचा चेकनाका हे दोघेही या पहिल्या धाग्याचे वंशज होत.

दुसरा धागा पटाचा. भारतीय आणि अरबी पटाची घरे एकाच रंगाची असत, रेघांनी केवळ विभागलेली. ती आलटून पालटून काळीपांढरी रंगविण्याची कल्पना युरोपची आहे. स्वित्झर्लंडमधील आइन्झिडेल्नच्या मठात जपलेल्या, सुमारे १००० सालच्या एका लॅटिन कवितेत अशा दुरंगी पटाचा उल्लेख मिळतो. हा बदल वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु त्यामुळे पट दुरूनही ओळखू यावा असे एक ठसठशीत दृश्यरूप त्याला प्राप्त झाले, आणि ज्या ज्या वस्तूवर चौकड्या दिसतील तिला पटाचे नाव मिळू लागले. मग ती ढालीवरची नक्षी असो, फरशी असो, की विणलेले कापड असो. पटाला मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकारिउम’ म्हणत. नॉर्मन फ्रेंचमध्ये ‘एशेकेर’. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘एक्सचेकर’ झाले. आणि येथे आपण त्या वस्त्रापाशी येतो, जेथे थोडे थांबणे अवश्य आहे.

विल्यम दि काँकररचा पुत्र पहिला हेन्री ११०० मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला. त्याच्यापुढचा प्रश्न प्रत्येक विस्तृत राज्यापुढे असतो तोच होता: परगण्यापरगण्यांत नेमलेले अधिकारी वसूल करतात, पण तो सगळा राजापर्यंत येतो कशावरून? इंग्लंडात हा अधिकारी म्हणजे शेरीफ. मुंबईत पुढे ब्रिटिशांनी आणलेले आणि आज नगरपाल म्हणून ओळखले जाणारे मानाचे पद याच नावाचे. शेरीफाने आपल्या परगण्याबद्दल ठरावीक रक्कम राजाला भरावयाची, वर मिळेल ते स्वतः ठेवावयाचे, आणि राजासाठी केलेल्या खर्चाची वजावट मागावयाची, असा तो मक्ता असे. ईस्टरच्या वेळी त्याने सुमारे निम्मी रक्कम आगाऊ भरावी आणि २९ सप्टेंबरच्या मिकेल्मस सणानंतर पूर्ण हिशेब द्यावा, ही व्यवस्था वाचताना पेशवाईतील कमाविसदार आणि त्याने आगाऊ भरावयाची रसद यांची आठवण मराठी वाचकाला झाल्यावाचून राहत नाही. हेन्रीचा मुख्य कारभारी, सॉल्झबरीचा बिशप रॉजर, याने या हिशेबाला शिस्त लावली. १११० च्या सुमाराच्या एका आज्ञापत्रात एक्सचेकरच्या सरदारांचा निर्देश येतो. आणि ११३० सालचा जमाखर्च, मेंढ्याच्या कातड्याच्या गुंडाळीवर लिहिलेला, आजही शाबूत आहे. या गुंडाळ्यांना पाइप रोल म्हणतात. ११५६ पासून तर त्यांची परंपरा जवळजवळ अखंडपणे १८३२ पर्यंत चालू राहिली. पावणेसातशे वर्षांचे असे सलग सरकारी दफ्तर जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

या कचेरीत प्रत्यक्ष काय चालत असे हे आपल्याला एका असामान्य ग्रंथामुळे कळते. रॉजरच्याच घराण्यातील नायजेल हा खजिनदार होता, आणि नायजेलचा पुत्र रिचर्ड फिट्झनील हाही दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार झाला. त्याने ११७७ च्या सुमारास ‘एक्सचेकरविषयी संवाद’ या अर्थाच्या नावाचा एक लॅटिन ग्रंथ लिहावयास घेतला. थेम्सच्या काठी बसलेले गुरुशिष्य, शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो, अशी त्याची मांडणी. सरकारी कामकाजाची इतकी तपशीलवार, आणि त्या कामावरील इतक्या निष्ठेने लिहिलेली पोथी त्या काळच्या युरोपात दुसरी नाही असे मला वाटते. कचेरीतल्या माणसाने आपले रोजचे काम लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे मानले, ही गोष्टच मोठी आहे.

फिट्झनील सांगतो ते मेज दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे. वर मांडलेले काही खाली घसरू नये म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड. त्यावर ईस्टरच्या सत्रात खरेदी केलेले काळे वस्त्र अंथरीत आणि त्या वस्त्रावर एकेका वितीच्या किंवा फुटाच्या अंतरावर रेघा आखलेल्या असत. उजवीकडून पहिला रकाना पेनींचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा. मग पौंडांच्या विशींचा, शेकड्यांचा, हजारांचा, आणि प्रसंगी दहा हजारांचा. गणक मध्यभागी बसून, शेरीफाकडून येणे असलेली रक्कम सोंगट्यांच्या ढिगांनी वरच्या ओळीत मांडी, भरलेली रक्कम खालच्या ओळीत मांडी, आणि वरच्यातून खालची उचलत उचलत बाकी काढी. आणलेल्या नाण्यांपैकी काही भट्टीत वितळवून त्यांचा कस पाहण्यात येई, आणि चांदी हिणकस निघाल्यास तूट शेरीफाच्या माथी पडे. हे सारे सर्वांच्या देखत. पुष्कळ शेरीफांना लिहिता-वाचता येत नसे. परंतु आपल्या ढिगातल्या कोणत्या सोंगट्या उचलल्या गेल्या आणि किती उरल्या हे निरक्षर माणसालाही डोळ्यांनी दिसत होते, आणि माझ्या मते त्या वस्त्राचे खरे सामर्थ्य येथेच आहे. ज्या हिशेबाला दोन्ही पक्ष डोळ्यांनी पाहू शकतात तो हिशेब नाकारता येत नाही.

या मेजाला बुद्धिबळाच्या पटाचे नाव का, असे शिष्य विचारतो. गुरूचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिले कारण रूपसादृश्याचे, चौकड्यांचे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही: जसे पटावर दोन राजांचे युद्ध चालते तसे येथे खजिनदार आणि शेरीफ या दोघांचे युद्ध चालते, आणि भोवती बसलेले बाकीचे लोक परीक्षक म्हणून ते पाहतात, असा त्याचा आशय. या उत्तराला मी फार महत्त्व देतो. कारण त्यातून असे दिसते की नाव ठेवणाऱ्यांच्या, निदान ते वापरणाऱ्यांच्या मनात, शह आणि हिशेब यांचे नाते बाराव्या शतकातच जुळले होते. अधिकाऱ्याला जाब विचारणे म्हणजे त्याला शह देणे, ही जाणीव ज्या राज्यकारभारात उत्पन्न झाली त्याच्या भाषेत पुढे ‘चेक’ या शब्दाला तपासणीचा अर्थ यावा, यात अपघाताचा भाग थोडा आहे.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. एवढा खटाटोप वस्त्रावर करावा लागे त्याचे कारण, रोमन आकड्यांनी बेरीज-वजाबाकी करणे अत्यंत दुर्घट असते. त्यांत स्थानमूल्य नाही आणि शून्य नाही. वस्त्रावरचा रिकामा रकाना हेच त्यांचे शून्य. जी स्थानमूल्याची अंकपद्धती भारतात सिद्ध झाली ती अरबांमार्फत युरोपात गेली खरी, आणि पिसाच्या लिओनार्दोने १२०२ मध्ये ग्रंथ लिहून तिचा पुरस्कारही केला; पण इंग्लंडच्या खजिन्यात त्यानंतरही शतकानुशतके रोमन आकडेच चालू राहिले. भारताचा खेळ इंग्रजांच्या कचेरीत भारताच्या अंकांच्या कितीतरी आधी पोहोचला. क्रम उलटा झाला असता तर वस्त्राची गरज लागली नसती, एक्सचेकर हे नाव पडले नसते, आणि आपण आज ज्याला चेक म्हणतो त्याला कदाचित दुसरेच काही म्हटले असते.

रक्कम भरल्याची पावती म्हणून शेरीफाला लाकडाची कांडी मिळे. तिच्यावर खाचा पाडलेल्या असत: हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीइतकी, शंभराची अंगठ्याइतकी, विसांची करंगळीइतकी, एका पौंडाची सातूच्या भरल्या दाण्याइतकी, शिलिंगाची त्याहून बारीक, आणि पेनीची म्हणजे लाकूड न काढता दिलेली नुसती चीर. मग ती कांडी उभी चिरीत. लांब भाग पैसे भरणाऱ्याला, आखूड भाग खजिन्याकडे. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जुळवून पाहिले की खाचा तंतोतंत मिळाल्या पाहिजेत. निसर्गाने घातलेल्या लाकडाच्या रेषांची नक्कल करणे कोणत्याही लबाडाला शक्य नव्हते. हिशेबाचा ताळा पाहण्याचे इतके साधे आणि इतके खात्रीचे साधन क्वचितच निघाले असेल. ही पद्धत बंद करण्याचा कायदा १७८२ मध्ये झाला, पण जुने अधिकारी होते तोवर ती चालूच राहिली आणि १८२६ मध्ये संपली. निरुपयोगी झालेल्या कांड्यांचा ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्स सभागृहाच्या भट्ट्यांत जाळण्यास घेतला असता धुराडी अति तापून आग लागली, आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहे त्या रात्री भस्म झाली. आज लंडनमध्ये दिसते ते पार्लमेंटचे भवन त्यानंतर उभारलेले आहे.

काळाच्या ओघात एक्सचेकर हे नाव वस्त्रावरून कचेरीकडे, कचेरीवरून न्यायासनाकडे, आणि शेवटी सबंध सरकारी तिजोरीकडे सरकत गेले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘एक्सचेकरचा चान्सलर’ या नावाने अंदाजपत्रक मांडतो. बकिंगहॅमशरमधील ज्या चेकर्स नावाच्या वाड्यात ब्रिटनचे पंतप्रधान १९२१ पासून विश्रांतीसाठी जातात, त्याचे नावही बाराव्या शतकात त्या जमिनीचा मालक असलेल्या एक्सचेकरच्या एका अधिकाऱ्यावरून पडले असे मानण्यात येते.

दोन धागे एकत्र आले ते सतराव्या-अठराव्या शतकांत, लंडनच्या सराफांच्या पेढ्यांवर. सराफाकडे ठेव ठेवलेला गृहस्थ, अमुक माणसाला अमुक रक्कम द्यावी, अशी चिठ्ठी आपल्या हाताने लिहून देई. क्लेटन व मॉरिस यांच्या पेढीवर काढलेली ४०० पौंडांची अशी एक चिठ्ठी १६५९ च्या तारखेची उपलब्ध आहे. तिला त्या वेळी चेक म्हणत नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणत ते कागदाच्या अशा भागाला, जो मूळ पत्रापासून वेगळा करून जपून ठेवीत आणि ज्याच्याशी पुढे मूळ पत्र ताडून पाहून बनावटगिरी ओळखीत. म्हणजे आपल्या व्यवहारात ज्याला स्थळप्रत म्हणतात तो भाग. लाकडाची कांडी जाऊन कागद आला, पण दोन अर्ध जुळविण्याची युक्ती तीच राहिली, आणि इंग्रजीत स्थळप्रतीला जे नाव आहे त्यात कांडीच्या आखूड भागाचे नाव अजून शिल्लक आहे. हळूहळू स्थळप्रतीचे नाव मूळ पत्रालाच चिकटले. अर्थ आला पहिल्या धाग्याकडून, अडविण्याचा नि ताडून पाहण्याचा. आणि इंग्रजांनी त्याचे जे लेखन पसंत केले, शेवटी ‘क्यू-यू-ई’ ही अक्षरे असलेले, त्यावर छाप पडली ती एक्सचेकरच्या लेखनाची. अमेरिकेने जुनेच साधे लेखन ठेवले. त्याच अमेरिकेने १७८७ च्या संविधानात राज्यसत्तेच्या तिन्ही अंगांनी परस्परांना आवर घालावा अशी रचना केली, आणि तिच्या समर्थनार्थ वापरलेला शब्दही हाच. पटावरच्या राजाला सावध करणारी आरोळी राज्यसत्तेला मर्यादेत ठेवण्याची परिभाषा झाली. या शब्दाच्या सर्व अर्थांत मला हा सर्वांत उदात्त वाटतो.

हिंदुस्थानात पैसे दुरून देवविण्याची कला इंग्रजांनी शिकविली असे मुळीच नाही. हुंडी त्यांच्या फार पूर्वीपासून चालत होती, आणि तिच्या दर्शनी, मुदती, शाहाजोग इत्यादी प्रकारांत जी सूक्ष्मता आहे ती कोणत्याही विलायती कागदाहून उणी नाही. १८८१ च्या ज्या कायद्याला आज परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात त्याने सहाव्या कलमात चेकची व्याख्या केली, आणि देशी भाषांतील संलेखांविषयीच्या स्थानिक रूढी मात्र राखून ठेवल्या, हे त्या कायद्याच्या कर्त्यांनी शहाणपणाचे केले. बँकेत पुरेशी शिल्लक नसल्यामुळे चेक न वटणे हा गुन्हा झाला तो याच कायद्यात १९८८ साली घातलेल्या १३८ व्या कलमामुळे. शासकीय मराठीने चेकला धनादेश हा अर्थवाही शब्द दिला आणि तो आता रुळलाही आहे. परंतु बोलण्यात चेक फाडला जातो, चेक वटतो, चेक परत येतो.

एक्सचेकरचा वारसा आपल्याकडे आणखी एका मार्गाने आला. १८६६ मध्ये ब्रिटनने एक्सचेकरच्या पैशावर नियंत्रण ठेवणारा अधिकारी आणि सरकारी हिशेब तपासणारे अधिकारी यांची कामे एकाच पदात एकवटली. त्याच पदाचे नाव हिंदुस्थानात आले, आणि भारताच्या संविधानाच्या १४८ व्या कलमाने नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणून त्याला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. आपल्या परंपरेला ही कल्पना नवीन नव्हती. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील अमात्य, म्हणजेच मुजुमदार, याचे कामच मुळी जमाखर्च तपासून दाखला करण्याचे. आणि पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात कमाविसदारांचे हिशेब रुजुवात केल्याशिवाय मान्य होत नसत. फरक इतकाच की आपल्याकडे फिट्झनील झाला नाही. ज्या कारकुनांनी हजारो रुमालांचे दफ्तर मोडीत लिहून ठेवले, त्यांपैकी कोणी फडावरील रोजच्या कामाची रीत, तिथे बोलले जाणारे शब्द, आणि त्या शब्दांची कारणे गुरुशिष्यसंवादाच्या विस्ताराने लिहून ठेवली असती, तर रुजू, ताळा, झडती, बेहडा, रसद या शब्दांचा इतिहास आपल्याला इतक्याच खात्रीने सांगता आला असता.

म्हणून माझी एक विनंती आहे. मराठीचे ऐतिहासिक तत्त्वावर रचलेले कोश जे विद्वान पुढे करतील, त्यांनी शह आणि चेक या दोन नोंदींत परस्परांचा हवाला द्यावा, एवढे तर सोपेच आहे. परंतु त्याहून तातडीचे काम असे की, जुन्या सराफी पेढ्यांवर, देवस्थानांच्या कचेऱ्यांत आणि तलाठ्यांच्या दफ्तरांत आयुष्य घालविलेली जी वृद्ध मंडळी आज हयात आहेत, त्यांच्याकडून तेथील शब्द, ते कोणत्या कामात, कोणत्या वहीच्या कोणत्या रकान्यात वापरीत त्या माहितीसह, आताच लिहून घ्यावेत.